ॲल्युमिनियम प्रोफाइलचा डबा: टी-स्लॉट घ्यायचं की एन्क्लोजर सेक्शन?

घरी बनवलेल्या सर्किटला मजबूत डबा हवा असला की आपण ऑनलाइन किंवा दुकानात "ॲल्युमिनियम प्रोफाइल" मागतो आणि घोळ तिथेच सुरू होतो, कारण या एकाच नावाने दोन वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एक टी-स्लॉट, म्हणजे थ्रीडी प्रिंटरच्या फ्रेमला असतो तो चारही बाजूंना खाच असलेला दांडा, २०२० म्हणजे २० बाय २० मिमी. दुसरा एन्क्लोजर सेक्शन, आतून पोकळ, आणि आतल्या समोरासमोरच्या भिंतींना पीसीबी (सर्किटचा छापील बोर्ड) सरकवायला बारीक खाचा. दोन्ही बनतात सारखेच, तापवलेला ठोकळा डायमधून, म्हणजे आकार दिलेल्या साच्याच्या भोकातून, दाबून बाहेर काढायचा, मिश्रधातू बऱ्याचदा तोच ६०६३, दोघांनाही खाचा असतात, फोटोत तर पटकन फरक कळतही नाही.

फरक असा की एन्क्लोजर सेक्शनमध्ये प्रोफाइल हाच डबा असतो. टी-स्लॉटमध्ये प्रोफाइल म्हणजे नुसता सांगाडा, डबा होतो तो तुम्ही लावलेल्या पॅनलचा. उष्णता, अर्थिंग, वायफाय, सगळं या एका गोष्टीवरून ठरतं.

उष्णतेचं आधी सांगतो कारण माझं तिथेच अडलं होतं. मी पहिला बेंच सप्लाय (टेबलावर सर्किटला वीज द्यायचा पॉवर सप्लाय) टी-स्लॉट आणि ॲक्रिलिकमध्ये बसवला, एवढं ॲल्युमिनियम आहे तर हीटसिंक कशाला म्हणून एलएम३१७, म्हणजे आउटपुटचा व्होल्टेज स्थिर ठेवणारा आयसी, थेट दांड्यावर स्क्रूने आवळला. थोडा लोड दिला की आउटपुट पडायचं, थोड्या वेळाने परत यायचं, म्हणजे आयसी तापून स्वतःला बंद करत होता. नंतर हिशोब केला तेव्हा कळलं, खाच साधारण ६ मिमी रुंद, आयसीची पाठ १० मिमीच्या आसपास, म्हणजे दोन्ही काठांवर जेमतेम २-२ मिमी टेकत होतं, मधे सगळी हवा. एन्क्लोजर सेक्शनच्या सपाट भिंतीला तीच पाठ पूर्ण टेकते आणि अख्खा डबा हीटसिंकचं काम करतो. तसाच ५ व्होल्ट देणारा साधा आयसी ७८०५ घ्या, १२ व्होल्ट आत, ५ बाहेर, १ अँपिअर ओढला तर ७ वॉट उष्णता, ती कुठेतरी जायलाच हवी. फक्त एक बघा, ७८०५ ची पाठ ग्राउंडला असते पण एलएम३१७ ची पाठ आउटपुटला असते, त्यामुळे तो भिंतीला लावताना मधे मायका किंवा सिलिकॉनचा पॅड आणि स्क्रूला प्लॅस्टिकचा बुश हवाच, नाहीतर अख्ख्या डब्यावर आउटपुटचा व्होल्टेज.

अर्थिंगबद्दल मात्र मी कळकळीने सांगतो, कारण इथे जीवाचा प्रश्न आहे. ॲनोडाइज केलेला थर, म्हणजे ॲल्युमिनियमवर मुद्दाम चढवलेला ऑक्साइडचा थर, वीज वाहत नाही. टी-स्लॉटचा चौकोनी डबा म्हणजे १२ दांडे आणि ६ पॅनल, आणि मल्टिमीटर लावून बघा, एका दांड्यावरून दुसऱ्यावर बीप येईलच असं नाही, नट-बोल्टने थर कुठे खरवडला गेला असेल तर येते, नाहीतर नाही. आत २३० व्होल्ट येत असतील आणि वायर सुटून एखाद्या धातूच्या पॅनलला लागली तर ते पॅनल तसंच जिवंत राहणार. म्हणून प्रत्येक धातूच्या पॅनलला आणि हाताला लागणाऱ्या प्रत्येक दांड्याला थर खरवडून, दातेरी वायसर घालून, रिंग लगने (वायरच्या टोकाला दाबायची गोल कडी) अर्थची वायर न्यायची. एन्क्लोजर सेक्शन एकसंध असेल तर हेच काम बॉडीला एक लग आणि पुढच्या-मागच्या प्लेटला एकेक एवढ्यात होतं. दोन भागांत उघडणारा असेल तर दोन्ही भागांना वेगळी वायर द्या. प्लेटचे स्क्रू थर कापून आत जातात हे खरं, पण अर्थिंगसाठी त्यांच्या भरवशावर राहू नका.

वायफायचं उलटं आहे. ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) बंद ॲल्युमिनियमच्या डब्यात ठेवला तर सिग्नल मरतो, मग एका टोकाची प्लेट प्लॅस्टिकची करून अँटेना तिच्या बाजूला ठेवा नाहीतर बाहेरची अँटेना लावा. टी-स्लॉटला ॲक्रिलिक लावलं असेल तर हा त्रासच नाही, पण मग बाहेरचा गोंगाट अडवायलाही काही नाही, त्यामुळे ऑडिओ प्रीॲम्पसाठी मी तरी तो घेणार नाही.

मापाचं बोलायचं तर एन्क्लोजर सेक्शनमध्ये रुंदी आणि उंची डायने ठरवलेली, तुमच्या हातात फक्त लांबी. त्यामुळे सेक्शन आधी निवडा, त्याच्या खाचेचं माप घ्या आणि मग पीसीबी काढा, उलटं केलं तर बोर्ड कानसीने घासत बसावं लागतं. बोर्डच्या ज्या दोन कडा खाचेत जातात तिथे ३ मिमीपर्यंत ट्रॅक नको, पार्ट नको, कारण बोर्ड आत-बाहेर करताना थर ओरखडतो आणि मग शॉर्ट. टी-स्लॉटमध्ये माप तुमचं, पण जागा खाल्ली जाते, बाहेरून २०० मिमी असेल तर दोन खांबांच्या मधे १६० च उरतात. शिवाय ३ मिमीचं पॅनल ६ मिमीच्या खाचेत खुळखुळतं, रबरी पट्टी लागते. (व्ही-स्लॉट दिसला तर गोंधळू नका, त्याच्या खाचेच्या कडा चाकं फिरायला तिरप्या केलेल्या असतात, डब्याला तोही चालतो.)

माझं मत सरळ आहे, एकच बोर्ड असेल आणि डिझाइन पक्कं झालं असेल तर एन्क्लोजर सेक्शन. एसएमपीएस (तयार पॉवर सप्लाय), दोन-चार मोटर ड्रायव्हर, पंखा, रिले असं बरंच काही असेल आणि पुढच्या महिन्यात अजून काही घुसणार असेल तर टी-स्लॉट, कारण खाचेत नट सरकवला की नवीन भोक न पाडता नवीन वस्तू बसते.

कापताना टी-स्लॉट जास्त छळतो. हॅकसॉने कापलेलं टोक किंचित तिरकं गेलं तरी पूर्ण फ्रेम वाकडी उभी राहते, म्हणून बारीक दातांच्या कार्बाइड ब्लेडवर कापून घ्या आणि गुण्या लावून प्रत्येक टोक तपासा. मधल्या भोकात एम५ चे आटे पाडायचे असतील तर टॅपला तेल लावून अर्धा फेरा पुढे, थोडा मागे, असं करत जा, ॲल्युमिनियम टॅपला चिकटतं. एन्क्लोजर सेक्शनचं टोक जरा तिरकं असेल तर सपाट काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलं की प्लेट नीट बसते. आणि दोन्हीत, बोर्ड आत घालायच्या आधी डबा ब्रशने आणि पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, खाचेत अडकलेला ॲल्युमिनियमचा एक बारीक कीस आयसीच्या दोन पायांच्या मधे पडला तरी बोर्ड जातो.