गाइड वेगळा, इन्स्ट्रक्टर वेगळा: सी कयाकिंगमधली दोन कामं

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर, ब्रिटिश कोलंबियात (बीसी), सी कयाकिंगमध्ये, म्हणजे लांबट, वरून बंद होडी समुद्रात वल्हवण्याच्या खेळात, काम करायचं म्हणून कुणी चौकशी सुरू केली की दोन नावं कानावर येतात. एक ‘पॅडल कॅनडा’, दुसरं ‘सी कयाक गाइड्स अलायन्स ऑफ बीसी’. दोन्हीकडे कयाक तीच, वल्हं तेच, लाइफजॅकेट तेच. उलटलेली कयाक सरळ करणं दोन्हीकडे आलंच पाहिजे. मग नवखा माणूस फी आणि तारखा बघतो आणि जो कोर्स आधी मिळेल तो करून टाकतो. मे महिन्यात सीझन उघडतो तेव्हा लक्षात येतं की हातातला कागद इन्स्ट्रक्टरचा आहे आणि टूर कंपनीला हवाय गाइड.

पॅडल कॅनडाची शिडी कौशल्याची आहे. आधी स्वतः बेसिक, लेव्हल १, लेव्हल २ असं चढायचं, मग ते दुसऱ्याला शिकवायचं प्रमाणपत्र मिळवायचं. गाइड्स अलायन्सची शिडी जबाबदारीची. सहायक गाइड, एका दिवसाच्या सहलीचा गाइड, मग मुक्कामाच्या सहलीचा गाइड. पहिल्या शिडीवर प्रश्न असतो, तुला काय येतं आणि ते समोरच्याच्या हातात कसं उतरवशील? दुसरीवर असतो, ही आठ माणसं तुझ्या भरवशावर आली आहेत, संध्याकाळी ती कुठे असतील?

हा फरक सर्वात स्वच्छ दिसतो कयाक उलटते तेव्हा.

गाइडच्या सहलीत पाहुणा पाण्यात पडला की गाइड मोठ्याने दोनच गोष्टी सांगतो: वल्हं सोडू नका, माझ्या कयाकचं टोक धरा. मग तो उलटलेल्या कयाकच्या नाकाशी काटकोनात येतो, ते नाक उचलून स्वतःच्या डेकवर ओढून घेतो, आतलं पाणी ओततो, कयाक सुलटी करून आपल्याला खेटून धरतो. पाहुण्याने मागच्या डेकवर पोटावर चढायचं, पाय आत सरकवायचे, वळून बसायचं. पाहुण्याला यातलं काही समजलं नसलं तरी चालतं. गाइडचे हात हे सगळं करत असताना त्याची नजर बाकीच्या कयाकांवर असते, कारण वारा त्यांना एव्हाना कुठेतरी न्यायला लागलेला असतो.

इन्स्ट्रक्टर हाच प्रकार आडोशाच्या खाडीत मुद्दाम घडवून आणतो. विद्यार्थी मुद्दामच उलटतो, सुटका करणाराही विद्यार्थीच. तो चुकीच्या बाजूने येतो, कयाक आडवी होते, पाणी आतच राहतं. इन्स्ट्रक्टर दोन हात अंतरावर थांबून बघत राहतो आणि फार तर विचारतो, “कयाकचं नाक कुठे आहे?” गाइडने असा वेळ घालवला तर तो गुन्हा. इन्स्ट्रक्टरने पटकन हात घालून प्रश्न सोडवला तर शिकवणी वाया.

घाईचं कारण पाण्याच्या तापमानात आहे. तिथला समुद्र उन्हाळ्यातही बहुतेक ठिकाणी दहा-बारा अंशांच्या आसपास असतो. मॅनिटोबा विद्यापीठाचे डॉ. गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी थंड पाण्यात पडलेल्या माणसासाठी १-१०-१ हे सूत्र रूढ केलं: श्वासावर ताबा मिळवायला एक मिनिट, हातपाय कामाला येतात अशी दहा मिनिटं, थंडीने शुद्ध हरपेपर्यंत साधारण एक तास. ही मधली दहा मिनिटं गाइडच्या डोक्यात सतत चालू असतात. मालवणच्या कोमट पाण्यात वाढलेल्या माणसाला हे पहिल्यांदा अतिरेकी वाटतं.

आता गाइडचा दिवस कसा जातो ते बघू, कारण गैरसमज खरा तिथे आहे. लोकांना वाटतं गाइड म्हणजे उत्तम वल्हवणारा. व्हँकुव्हर बेटाच्या ईशान्येला जॉनस्टोन स्ट्रेट नावाचा चिंचोळा समुद्र आहे, ओर्का देवमासे बघायला जगभरातून लोक तिथे येतात. तिथे ओहोटीचा प्रवाह पश्चिमेकडे वाहतो, आणि उन्हाळ्यात दुपारी नेमका वायव्येचा वारा उठतो. वारा एकीकडून, पाणी दुसरीकडून. दोघं समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. सकाळी काचेसारखं असलेलं पाणी दुपारी दोनला नवशिक्याच्या आवाक्याबाहेर जातं. म्हणून गाइड पहाटे उठून व्हीएचएफ रेडिओवर सागरी हवामान ऐकतो, भरती-ओहोटीचं कोष्टक उघडतो आणि ठरवतो की पलीकडच्या किनाऱ्यावर जायचं ते कधी, किंवा आज जायचंच नाही. प्रवाहाचा अंदाज घ्यायला ५०/९० असा एक आडाखा वापरतात: पाणी थांबल्यापासून पहिल्या तासाअखेर प्रवाह पूर्ण जोराच्या निम्म्यावर येतो, दुसऱ्या तासाअखेर नव्वद टक्क्यांवर, तिसऱ्याला पूर्ण जोर. नवशिक्या पाहुण्यांना घेऊन चिंचोळी जागा ओलांडायची तर पाणी थांबण्याच्या आसपासच.

एवढं झालं की स्वयंपाक. हो, स्वयंपाक. मुक्कामाच्या सहलीत गाइड आठ-दहा जणांचं तीन वेळचं जेवण कयाकच्या पोटात भरून नेतो, ताडपत्री बांधतो, अस्वलाला वास लागू नये म्हणून अन्न तंबूपासून लांब ठेवतो, शौचाला कुठे जायचं ते न लाजता सांगतो. रात्री कयाक भरतीच्या रेषेच्या वर ओढून झाडाला बांधतो, कारण तिथे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं, जवळपास मुंबईइतकंच. सकाळी किनाऱ्यावर एक कयाक कमी असणं हा या धंद्यातला सर्वात लाजिरवाणा प्रसंग समजतात. यातलं फारसं काही इन्स्ट्रक्टरच्या कोर्समध्ये शिकवत नाहीत, आणि तसं अपेक्षितही नाही.

कोकणातल्या वाचकाला एका शब्दात सांगायचं तर गाइड म्हणजे तांडेल. होडीवरच्या खलाशांनी पोहणं त्याच्याकडूनच शिकावं असं कुणी म्हणत नाही. होडी कधी हाकायची आणि कधी परतायची, एवढं त्याने बरोबर सांगावं.

इन्स्ट्रक्टरचं काम सोपं आहे असं यातून वाटायला नको. पुढे वल्हवताना माणूस फक्त दंडाने ओढतो, कंबर वळत नाही, हे दिसणं सोपं. पण सहा चुका दिसत असताना आज एकच दुरुस्त करायची, ती कोणती, हे ठरवायला डोळा लागतो. ब्रिटनमध्ये शिकवण्याच्या एका जुन्या क्रमाला ‘आयडियाज’ म्हणतात: ओळख, प्रात्यक्षिक, स्पष्टीकरण, सराव, आढावा. नवखे इन्स्ट्रक्टर स्पष्टीकरणातच अडकतात आणि विद्यार्थी थंडीत कुडकुडत भाषण ऐकतो. चांगल्या इन्स्ट्रक्टरचा विद्यार्थी पुढे त्याच्याशिवाय समुद्रात जातो. चांगल्या गाइडचा पाहुणा मजेत घरी जातो आणि पुढच्या वर्षीही त्याला गाइड लागतोच.

दोन कामांची सरमिसळ किती महागात पडते याचं उदाहरण ब्रिटनमधलंच. २२ मार्च १९९३ रोजी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम बे इथे प्लिमथच्या एका शाळेची आठ मुलं, एक शिक्षक आणि साहसी खेळांच्या केंद्रातले दोन इन्स्ट्रक्टर कयाक घेऊन लाइम रेजिसहून निघाले. अंतर फार नव्हतं. शिक्षकांची कयाक वारंवार उलटू लागली, एक इन्स्ट्रक्टर त्यांच्यापाशी थांबला. दुसऱ्याने मुलांच्या कयाक एकत्र धरल्या. जमिनीकडून सुटलेल्या वाऱ्याने तो गट खोल समुद्रात वाहत गेला. धुराचे वा प्रकाशाचे बाण नव्हते, रेडिओ नव्हता, किनाऱ्यावरून मदत मागवायलाही उशीर झाला. चार मुलं दगावली. दोन्ही इन्स्ट्रक्टरांचं स्वतःचं कौशल्यही अगदी प्राथमिक होतं हे नंतर पुढे आलं. केंद्र चालवणाऱ्या कंपनीला १९९४ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल शिक्षा झाली, १९९५ मध्ये मुलांच्या साहसी केंद्रांसाठी परवान्याचा कायदा आला.

या घटनेबद्दल बोलताना बहुतेक जण उपकरणांकडे बोट दाखवतात. माझ्या मते त्याआधीची गोष्ट अशी की एका उलटणाऱ्या माणसाला सावरताना गट दुभंगला. गटाला आधी किनाऱ्याला लावायचं की त्या एकाला सावरायचं, वारा कुठून आहे, मी नेमका कुठे थांबू म्हणजे सगळे नजरेत राहतील, हे प्रश्न नेतृत्वाचे आहेत. ब्रिटनमध्ये आज हे प्रमाणपत्रांच्या नावांतच दिसतं: २०२४ पासून ‘पॅडल यूके’ नाव घेतलेली तिथली राष्ट्रीय संस्था सी कयाक लीडर आणि सी कयाक कोच असे वेगळे कागद देते. लीडरचा कागद कोणत्या पाण्यापुरता आहे तेही ठरलेलं असतं; मध्यम समुद्रासाठीचा असेल तर वारा बोफर्ट ४ पर्यंतच (बोफर्ट म्हणजे वाऱ्याचा जोर मोजायची मापनश्रेणी).

आणखी एक फरक, ज्याची चर्चा कमी होते. इन्स्ट्रक्टरचं ज्ञान प्रवास करतं; लो ब्रेस, म्हणजे कयाक कलंडताना वल्हं पाण्यावर टेकून सावरणं, व्हँकुव्हरला जसा घेतात तसाच गोव्यातही. गाइडचं बरंचसं ज्ञान एका किनाऱ्याला चिकटलेलं असतं. जॉनस्टोन स्ट्रेटच्या गाइडला माहीत असावं लागतं की रॉब्सन बाइटच्या राखीव क्षेत्रात १९८२ पासून संरक्षण आहे, तिथे कयाक घालायची नाही, आणि ओर्कांपासून २०० मीटर लांब राहायचं. हैदा ग्वाई या हैदा आदिवासींच्या बेटांवर जाणाऱ्याला माहीत हवं की जुन्या हैदा गावांवर राखण करणाऱ्या वॉचमन मंडळींना रेडिओवरून विचारल्याशिवाय किनाऱ्याला लागायचं नाही. तोच गाइड गोव्यात आला तर अस्वल आणि थंडी विसरेल, पण नदीच्या मुखावरचे वाळूचे दांडे, मासेमारीची जाळी आणि नैऋत्य मोसमी वाऱ्याने बंद होणारा समुद्र त्याला पहिल्यापासून शिकावा लागेल.

आपल्या किनाऱ्यावर, तारकर्लीपासून गोव्यापर्यंत, बहुतेक ठिकाणी वर बसायच्या उघड्या कयाक असतात आणि सोबत येणाऱ्या मुलाला सगळे इन्स्ट्रक्टरच म्हणतात. तो करतो ते काम मात्र गाइडचं. त्याला वल्हवायच्या पद्धती विचारण्यापेक्षा विचारावं: आज ओहोटी कधी लागते, वारा फिरला तर कुठे लागायचं, आणि मागे राहिलेल्याला ओढायला दोरी आहे का? ठाम उत्तर आलं तर बसावं.

या क्षेत्रात पोटापाण्याला उतरायचं असेल, तर मी सांगेन तो क्रम असा. आधी चांगल्या इन्स्ट्रक्टरकडे स्वतःचं वल्हवणं पक्कं करा, दुसऱ्याच्या जिवाची फिकीर नसताना. मग वस्तीपासून दूरच्या ठिकाणचा प्रथमोपचार कोर्स, ज्यात डॉक्टर लवकर येणार नाही हे गृहीत धरलेलं असतं. कॅनडात सागरी रेडिओचा परवानाही लागतो. मग सहायक गाइड म्हणून एक सीझन: भांडी घासायची, कयाक वाहायच्या, आणि मुख्य गाइड “आज नाही जायचं” म्हणतो तेव्हा का म्हणतो ते रात्री त्याला विचारायचं. इन्स्ट्रक्टरचं प्रमाणपत्र त्यानंतर घेतलं तरी चालतं. कंपन्या हिवाळ्यात तलावातल्या वर्गांसाठी तशी माणसं शोधतातच.