कोवळ्या वयातील बॅले आणि कंबरेचा मणका : पार्श्वभूमी

किशोरवयीन बॅले नर्तिकांच्या कंबरदुखीचा संबंध बऱ्याच अंशी एका हालचालीशी आहे : एका पायावर उभे राहून दुसरा पाय मागे उंच उचलणे आणि धड मात्र ताठ ठेवणे. 'अराबेस्क' नावाची ही मुद्रा आज जितकी टोकाची दिसते तितकी ती पूर्वी नव्हती, आणि मुलींच्या दुखण्याचा विचार करताना हा इतिहास सहसा लक्षात घेतला जात नाही.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याने १६६१ साली पॅरिसमध्ये नृत्याची शाही अकादमी स्थापन केली. पावलांच्या पाच मूलभूत स्थिती निश्चित करण्याचे श्रेय त्याचे नृत्यगुरू पियेर बोशां यांना दिले जाते. या स्थितींचा पाया म्हणजे खुब्यापासून पाय बाहेर वळवणे. दरबारी नृत्यात हे वळण माफक होते, परंतु पुढे दोन्ही पावले जवळजवळ एका सरळ रेषेत यावीत अशी अपेक्षा रूढ झाली. ज्या मुलीचा खुबा जन्मतःच तेवढा वळत नाही, ती ओटीपोट पुढे झुकवून आणि कंबरेचा बाक वाढवून ती उणीव भरून काढते, म्हणजे अराबेस्कच्या आधीच तिच्या कंबरेवर भार येऊ लागतो.

एकोणिसाव्या शतकात चवड्यांच्या टोकावरील नृत्य प्रतिष्ठित झाले, तरी पाय मागे फार वर जात नसे. विसाव्या शतकात रशियात आग्रिपिना वागानोवा यांनी आपल्या अध्यापनात आणि १९३४ च्या ग्रंथात पाठीच्या बळावर विशेष भर दिला, आणि त्यांची पद्धत जगभर पसरली. ती पाठ सांभाळणारी शिस्त होती, हे आवर्जून सांगायला हवे. टोकाच्या उंचीचा आग्रह त्यानंतर वाढला. १९८० च्या दशकात, जिम्नॅस्टिक्समधून आलेल्या फ्रेंच नर्तिका सिल्वी गिलेम यांच्या कानापर्यंत जाणाऱ्या पायाने प्रेक्षकांची नजरच बदलली. 'स्लीपिंग ब्यूटी' या बॅलेच्या लंडनमधील प्रयोगांच्या अनेक दशकांतील चित्रांची मोजणी करणाऱ्या अभ्यासातही पाय क्रमाक्रमाने उंच होत गेल्याचे दिसले. मुद्रा बदलली, मात्र मणक्याची रचना तीच राहिली.

खुब्याच्या सांध्यातून पाय मागे जेमतेम १०–२० अंश जातो. उरलेली उंची ओटीपोटाच्या झुकण्यातून आणि कंबरेच्या मागे वाकण्या-वळण्यातून येते, आणि तो ताण कंबरेच्या पाचव्या मणक्याच्या मागील कमानीतील एका अरुंद भागावर एकवटतो. तेथे पुन्हापुन्हा ताण बसून हाडाला सूक्ष्म तडा जातो. त्याला स्पॉन्डिलोलिसिस म्हणतात. सामान्य प्रौढांपैकी सुमारे ६ टक्के लोकांत तो आढळतो आणि अनेकांना त्रासही होत नाही, परंतु वारंवार मागे वाकणाऱ्या नर्तिका व जिम्नॅस्ट यांच्यात त्याचा धोका अधिक असतो. त्यातच वाढीच्या झपाट्यात हाडे स्नायूंपेक्षा वेगाने लांबतात, मांडीमागचे स्नायू आखडतात, आणि नेमक्या त्याच सुमारास चवड्यांवरील नृत्य सुरू होऊन सरावाचे तास वाढतात.

वैद्यकाचे लक्ष याकडे उशिरा गेले. बॉस्टनमध्ये १९७० च्या दशकात मुलांच्या क्रीडावैद्यकाचे स्वतंत्र चिकित्सालय सुरू झाले आणि तेथील अस्थिरोगतज्ज्ञ लायल मिकेली यांनी बॅले नर्तकांच्या कंबरेच्या दुखापतींवर सातत्याने काम केले. १९८६ साली मिशेल वॉरन व सहकाऱ्यांनी ७५ व्यावसायिक नर्तिकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांत २४ टक्के जणींमध्ये कण्याचा बाजूला झुकणारा बाक (स्कोलियोसिस), तर ६१ टक्के जणींमध्ये अस्थिभंग आढळले, आणि या दोन्हींचा संबंध उशिरा सुरू होणाऱ्या मासिक पाळीशी दिसून आला. अपुरा आहार, पाळीतील बिघाड आणि हाडांचा कमकुवतपणा यांचे नाते १९९० च्या दशकात अधिकृतपणे मांडले गेले. माझ्या मते सडपातळपणाचा आग्रह आणि कंबरदुखी यांचा विचार वेगवेगळा करणे ही जुनी चूक त्यानंतरच सुधारू लागली.

आज एमआरआय चाचणीत तडा पूर्ण होण्याआधीची सूज दिसते, तर साध्या एक्स-रेत सुरुवातीला काहीच दिसत नाही असे होऊ शकते. लवकर निदान झाल्यास मागे वाकण्याच्या हालचाली काही महिने थांबवून हाड भरून येण्याची शक्यता चांगली असते. परंतु स्वित्झर्लंडमधील लोझान येथे १९७३ पासून होणारी प्रसिद्ध बॅले स्पर्धा १५ ते १८ वर्षांच्या मुलामुलींसाठी असते, आणि व्यावसायिक संस्थांची निवडही याच सुमारास होते. त्यामुळे विश्रांतीचे ते महिने मुलीच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाच्या काळात येतात आणि दुखणे सांगण्याऐवजी ते लपवण्याकडे तिचा कल होतो.