पिशवीचं तोंड: बोटाला लागतं ते आणि सोनोग्राफीत दिसतं ते

तारीख उलटली, कळा नाहीत आणि डॉक्टर म्हणाले की औषध देऊन कळा आणू, की घरातून पहिला प्रश्न येतो: "सोनोग्राफीत बघून सांगा ना, नॉर्मल होईल की सिझर?" पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत बाळाचं अंदाजे वजन, पाणी आणि वार दिसते. पण या प्रश्नाचा मोठा धागा पिशवीच्या तोंडात, म्हणजे गर्भाशयमुखात असतो.

गर्भाशयमुख ही 3 ते 4 सेंटिमीटर लांबीची जाड भिंतीची नळी. गर्भाशय स्नायूंचं असतं, पण या नळीत स्नायू थोडा आणि कोलॅजेन, म्हणजे चिवट धाग्यांचं प्रथिन, फार. काथ्याच्या दोरासारखे कोलॅजेनचे धागे एकमेकांत वळलेले असतात आणि त्यांना आडवे रासायनिक टाके जोडून ठेवतात. नऊ महिन्यांचा भार पेलतात ते हे टाके. गरोदरपणात जुन्या कोलॅजेनच्या जागी नवं येत राहतं, पण त्यात टाके कमी असतात. दिवस भरत आले की हायलुरोनिक आम्ल वाढतं, ते पाणी ओढून घेतं, धागे फुगून दूर सरकतात आणि पीळ सैलावतो. योनीमार्गात ठेवायची प्रोस्टाग्लँडिन या औषधाची जेल हीच प्रक्रिया पुढे रेटते. तोंड कच्चं, म्हणजे अजून घट्ट असताना नुसतं कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनचं सलाईन लावलं, तर कळा येतात पण तोंड दाद देत नाही.

नवव्या महिन्यात तूप प्यायल्यानं वाट सुळसुळीत होते, हा समज मला म्हणूनच पटत नाही. तूप पोटात पचतं. कोलॅजेनच्या टाक्यांशी त्याची गाठच पडत नाही.

तोंड किती पिकलं हे बोटांनी तपासून गुण देण्याची पद्धत अमेरिकेतल्या एडवर्ड बिशप यांनी 1964 मध्ये मांडली. तोंड किती उघडलं, किती पातळ झालं, मऊ आहे का, कुठल्या दिशेला आहे आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय, असे मिळून 13 गुण. कच्चं तोंड नाकाच्या शेंड्यासारखं लागतं, पिकलेलं ओठासारखं. अडचण अशी की बाहेरचं तोंड बंद असेल तर नळीचा आतला भाग बोटाला लागत नाही, आणि बदल तर बहुतेकदा आतूनच सुरू होतो. आतलं तोंड नरसाळ्यासारखं पसरतं, नळी आखूड होत जाते.

योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत हे दिसतं. तिच्या लहरींची वारंवारता जास्त असते. त्या खोल जात नाहीत, पण जवळचं बारीक दाखवतात. आधी लघवी करून यायला सांगतात, कारण भरलेलं मूत्राशय नळी दाबून लांब दाखवतं. मग तीनदा मोजून सर्वांत कमी लांबी धरतात. नळी आणि गर्भाशयाची मागची भिंत यांच्यातला कोनही काही ठिकाणी मोजतात.

नळी 25 ते 30 मिलिमीटरपेक्षा आखूड असेल तर कळा आणणं यशस्वी होण्याची शक्यता वाढते. पण तेवढ्याच लांबीला दुसरेपणाच्या बाईची सुटका पहिलटकरणीपेक्षा सहसा लवकर होते. शिवाय बाळाचं डोकं कसं फिरेल, कळांना किती जोर येईल, हे लांबी सांगत नाही. वैद्यकीय संशोधनांचा एकत्र आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2015 च्या आढाव्यात बिशप गुण आणि सोनोग्राफी यांच्या तुलनेच्या अवघ्या दोन चाचण्या होत्या, 234 स्त्रियांच्या. त्यात सोनोग्राफी सरस ठरली नाही.

त्यामुळे निव्वळ या आकड्यावरून आधीच सिझर ठरवणं मला चुकीचं वाटतं. नळी लांब निघाली तर आधी जेल किंवा फोलीचा फुगा (तोंडातून आत सरकवून फुगवायची फुगा असलेली नळी) वापरून तोंड पिकवायचं, ऑक्सिटोसिन नंतर. आणि पहिला दिवस नुसता पिकवण्यातच जाऊ शकतो, हे त्या बाईला आणि घरच्यांना कळा सुरू करण्याआधीच सांगायचं.