क्वालालंपूरचा व्हरांडा आणि ‘द लेटर’

दिग्दर्शक विल्यम वायलर यांच्या 1940 सालच्या ‘द लेटर’ या चित्रपटाची सुरुवात ज्याने पाहिली आहे, तो ती विसरत नाही. चांदण्या रात्री मलायातील रबराच्या मळ्यात झाडाचा चीक थेंबाथेंबाने भांड्यात पडतो आहे, मजूर निजले आहेत, आणि अचानक गोळीचा आवाज होतो. बंगल्यातून एक पुरुष लडखडत बाहेर येतो आणि त्याच्या मागून आलेली बाई, तो पायऱ्यांवर कोसळल्यावरही, थंडपणे गोळ्या झाडत राहते. ही बाई म्हणजे बेटी डेव्हिस यांनी साकारलेली लेस्ली क्रॉस्बी. तिच्यामागे मात्र एक खरी स्त्री उभी आहे.

23 एप्रिल 1911 रोजी, रविवारी रात्री, क्वालालंपूरच्या व्हिक्टोरिया इन्स्टिट्यूशन या शाळेच्या आवारातील बंगल्यात एथेल प्राउडलॉक एकटी होती. तिचा नवरा त्या शाळेचा हंगामी मुख्याध्यापक होता आणि तो बाहेर जेवायला गेला होता. खाणीवर व्यवस्थापक म्हणून काम केलेला विल्यम स्टुअर्ड रिक्षाने आला आणि त्याने रिक्षावाल्याला थांबायला सांगितले. थोड्याच वेळात तो व्हरांड्यात मरून पडला. स्टुअर्डने अंगचटीला येण्याचा प्रयत्न केला, म्हणून आपण गोळ्या झाडल्या, असे एथेलचे म्हणणे होते. उलट, दोघांचे संबंध होते आणि स्टुअर्ड एका चिनी स्त्रीबरोबर राहू लागल्याचा मत्सर हेच खुनाचे कारण होते, असा सरकारी पक्षाचा दावा होता. जूनमध्ये न्यायाधीश व दोन असेसरांपुढे (न्यायाधीशाला साहाय्य करणाऱ्या सदस्यांपुढे) खटला चालला आणि एथेलला फाशीची शिक्षा झाली. गोऱ्या बाईला फाशी, या कल्पनेनेच तेथील युरोपीय समाज हादरला, अर्जविनंत्या झाल्या आणि जुलैमध्ये सेलंगोरच्या सुलतानाने तिला माफी दिली. ती इंग्लंडला निघून गेली.

दहा वर्षांनी, 1921 मध्ये, इंग्रज लेखक सॉमरसेट मॉम सिंगापूरला आले आणि ही हकिकत त्यांनी तिथल्या वकिलाकडून ऐकली. तिच्यावरून ‘द लेटर’ ही कथा लिहिताना त्यांनी शाळेचा बंगला रबराच्या मळ्यात नेला, निकाल उलटा करून नायिकेला निर्दोष सोडवले, आणि ज्यावर सारी कथा तोलली आहे ते पत्र मात्र स्वतःच्या कल्पनेतून निर्माण केले. ‘ये’ असे प्रियकराला लिहिलेले हे पत्र आता त्याच्या चिनी रखेलीच्या हाती असते आणि वकील ते दहा हजार डॉलरला विकत घेतो. प्रत्यक्षात न्यायालयाने जे मान्य केले, ते मॉमच्या कथेत न्यायालयापासून लपवले जाते, आणि कथेची खरी धार याच उलटापालटीत आहे, असे मला वाटते.

1926 मध्ये ही कथा संग्रहात आली, 1927 मध्ये लंडनच्या रंगभूमीवर नाटक आले आणि 1929 मध्ये अभिनेत्री जीन ईगल्स यांचा बोलपट. त्या बोलपटात प्रियकर झालेले हर्बर्ट मार्शल 1940 मध्ये नवऱ्याच्या भूमिकेत दिसतात.

दरम्यान हॉलिवूडमध्ये, पडद्यावर काय दाखवायचे नाही हे ठरवणाऱ्या नीतिसंहितेची अंमलबजावणी कडक झाली होती. खुनी स्त्री मोकळी सुटणे या संहितेला चालत नव्हते, तसे गोरा पुरुष आणि चिनी रखेली हे नातेही चालत नव्हते. म्हणून रखेलीची मिश्रवंशीय पत्नी झाली, ती भूमिका गेल सोंडरगार्ड या गोऱ्या अभिनेत्रीने केली, आणि शेवटी हीच विधवा लेस्लीला बागेत भोसकते. पण तीही सुटता कामा नये, म्हणून लगेच पोलीस येऊन तिला पकडतात. हा जोडलेला शेवट मला आजही खटकतो, कारण चित्रपट खरे तर त्याआधीच, लेस्ली नवऱ्याला सांगते की ज्याला मारले त्याच्यावर माझे अजूनही प्रेम आहे, तिथेच संपलेला असतो. हे वाक्य नवऱ्याच्या डोळ्यांत बघून कोणतीही स्त्री बोलणार नाही, असे डेव्हिस यांचे मत होते. त्यावरून वाद होऊन त्या सेटवरून निघून गेल्या, परत आल्या आणि अखेर वायलर यांच्या म्हणण्याप्रमाणे डोळ्यांत बघूनच ते वाक्य बोलल्या.