चहातून गुपचूप औषध दिलं की दारू सुटते? नाही हो

"पेशंटला न सांगता दारू सोडवा" हे भिंतींवर, एसटी स्टँडवर वर्षानुवर्षं वाचतोय आपण, आणि घरातली बाई बिचारी वैतागून शेवटी भाजीत, चहात पावडर टाकते. प्लीज असं करू नका.

बऱ्याचदा लोक यासाठी डायसल्फिराम वापरतात. हे औषध खरं आहे, दारूसाठी त्याचा उपयोग 1948 च्या सुमारास डेन्मार्कमधे लक्षात आला, पण ते दारूची ओढ कमी करत नाही. ते लिव्हरमधलं एक एन्झाइम अडवतं, मग प्यायल्यावर अॅसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य शरीरात साचतं, चेहरा लाल होतो, धडधडतं, उलट्या होतात, बीपी पडतं, आणि ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखी क्वार्टर मारतो आणि जिवावर बेततं. गोळी बंद केल्यावरही असर दोन आठवडे राहू शकतो. म्हणूनच डॉक्टर पेशंटची संमती घेऊनच देतात.

खरं तर त्या माणसाला निर्णयात घेतलं तरच गाडी पुढे जाते. ओढ कमी करणारं नालट्रेक्सोन आहे, समुपदेशन आहे, एए (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट) च्या मीटिंगा आहेत, त्यातलं देवाचं बोलणं नको असेल तर 1994 पासूनचं स्मार्ट रिकव्हरी हा तसाच दुसरा गट आहे, पुण्यात 1986 पासून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे. एकाला एक जमतं, दुसऱ्याला दुसरं.

फक्त रोज भरपूर पिणाऱ्याने स्वतःहून एकदम बंद करू नये, फिट येऊ शकते, आधी डॉक्टर. सरकारी हेल्पलाइन 14446, घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.