गुडघा, डास आणि कालची सेव-उसळ

दर रविवारी सकाळी सात वाजता दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या वाड्याच्या गच्चीवर आम्ही दहा-बारा जण ध्यानाला जमतो. बहुतेक साठीच्या पुढचे. सगळी घरं मराठी, पण पाच पिढ्या बडोद्यात काढलेली, त्यामुळे बोलता बोलता मध्येच "चालशे" म्हणणारी. सुरुवातीला कुणीतरी फोनवरचं एक रेकॉर्डिंग लावलं होतं. "डोळे मिटा, आलेल्या विचारांकडे नुसतं पाहा." पहिल्या चार मिनिटांत काय झालं ते सांगतो. काकूंचा उजवा गुडघा दुखायला लागला. माझ्या कानाशी डास. नानांना आदल्या रात्री दहा वाजता खाल्लेली सेव-उसळ आठवू लागली, म्हणजे उसळीनेच आठवण करून दिली. पंधरा मिनिटांनी नाना उठायला गेले तर डावा पाय त्यांचा राहिलाच नव्हता; तुळशीच्या कुंडीला धरून कसेबसे उभे राहिले. "आपलं मनच चंचल," असं म्हणून सगळ्यांनी चहा घेतला.

मी आयुष्यभर शरीरक्रियाशास्त्र शिकवलं. मला वाटतं, त्या दिवशी मनाचा काही दोष नव्हता. लग्नघरात यजमानाला दर मिनिटाला कुणी ना कुणी येऊन विचारतं: केळीची पानं आली का, भटजींना गाडी पाठवली का. यजमान बिचारा निवांत बसणार कसा? आपल्या मनाचं तसंच असतं. सांधे, स्नायू, पोट, त्वचा, फुप्फुसं क्षणोक्षणी निरोप पाठवत असतात. त्यांतले बरेचसे मेंदू परस्पर मार्गी लावतो. पण वेदना, स्नायूंची ओढ, तोल जाणं, श्वास कोंडणं असे निरोप तो थेट यजमानापर्यंत पोचवतो, कारण जीव वाचवायचा तर ते पोचायलाच हवेत. योगपरंपरेतली ध्यानाआधीची तयारी बघितली तर तिचा मोठा भाग एवढाच आहे: शरीराला सांगण्यासारखं काही उरू नये.

पतंजलीच्या योगसूत्रांतल्या आठ अंगांत ध्यान सातवं. यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार ही पाच अंगं आधी येतात आणि त्यांना बहिरंग म्हटलं जातं. मग सहावी धारणा, म्हणजे मन एका जागी धरणं, आणि त्यानंतर ध्यान. आपण थेट सातव्या पायरीवर उडी मारतो. पहिल्या पादातल्या एका सूत्राकडे तर लोकांचं लक्षच जात नाही. चित्त विखुरलं की सोबत काय काय येतं याची त्यात यादी आहे: दुःख, दौर्मनस्य, अंगमेजयत्व आणि श्वास-प्रश्वास. म्हणजे वेदना, खिन्नता, अंगाची थरथर आणि बिघडलेला श्वास. चारांपैकी निदान दोन गोष्टी आज यंत्राने मोजता येतात. यात गूढ काही नाही, माणसाकडे नीट निरखून बघून केलेली नोंद आहे ती.

आणि असं मोजण्याचे सुरुवातीचे काही प्रयोग तर आमच्याच गावात झाले. जगन्नाथ गणेश गुणे यांचा जन्म 1883चा, इथून जवळच्या डभोईचा. तरुणपणी ते बडोद्याला राजरत्न माणिकरावांकडे व्यायाम शिकले. तो जुम्मादादांचा आखाडा दांडिया बाजारातच. पुढे नर्मदाकाठी मालसरला परमहंस माधवदासांकडे योग शिकले आणि स्वामी कुवलयानंद झाले. 1920च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी बडोद्याच्या सरकारी इस्पितळात उड्डियान (श्वास सोडून पोट आत खेचणं) आणि नौली (पोटाचे स्नायू घुसळणं) करणाऱ्या माणसाला एक्स-रे यंत्रापुढे उभं केलं. पोट आत खेचतं तेव्हा आत नेमकं काय हलतं, हे त्यांना बघायचं होतं. नौली करताना मोठ्या आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि म्हणून बस्तीचं, म्हणजे आतडं धुण्याचं, पाणी आत ओढलं जातं, हे त्यांनी दाखवून दिलं. त्या निर्वाताला त्यांनी गुरूंचं नाव दिलं, माधवदास व्हॅक्यूम. 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम उभं राहिलं आणि ‘योगमीमांसा’ नियतकालिकही निघालं. शंभर वर्षांपूर्वी एक साधक "माझा अनुभव आहे ना, मग झालं" असं न म्हणता दाबमापक हातात घेतो, याचं मला फार कौतुक वाटतं.

आता गुडघ्याकडे येऊ. मांडी घालून बसल्यावर खुबे बाहेर वळायला हवेत. वर्षानुवर्षं खुर्चीत बसून खुबे आणि मांडीमागचे स्नायू आखडतात, मग खुब्याऐवजी वळणाचा ताण गुडघ्यावर येतो. गुडघा हा बिजागरीचा सांधा, तसा पिळ त्याला मानवत नाही. दुसरीकडे आखडलेले स्नायू ओटीपोटाच्या हाडाला मागे ओढतात, कंबरेचा नैसर्गिक बाक जातो, पाठीला पोक येतं आणि डोकं पुढे झुकतं. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो. ते मणक्यांच्या रांगेवर बरोबर टेकलेलं असलं तर मानेला जवळजवळ काम नसतं; दोन इंच पुढे आलं की मानेमागचे स्नायू ते सतत ओढून धरतात, आणि दहाव्या मिनिटाला खांद्यातून निरोप येतो.

उपाय घरात असतो. चादरीची घडी करून फक्त बैठकीखाली घ्यायची, इतकी जाड की गुडघे खुब्यांपेक्षा खाली यावेत. ओटीपोटाचं हाड आपोआप पुढे कलतं आणि कंबरेचा बाक परत येतो. गीतेच्या सहाव्या अध्यायात आसन फार उंच नको, फार सखल नको, कुश (दर्भ), अजिन (हरणाचं कातडं) आणि वस्त्र यांचे थर असावेत, असं सांगितलंय. थरांना पावित्र्य आहेच, पण गार फरशी अंगाची ऊब ओढून घेते हेही आहे. स्थिर बसलेल्या माणसाचे स्नायू कमी उष्णता तयार करतात, म्हणून ध्यानाला बसल्यावर थंडी वाजते. खांद्यावर शाल घ्यावी, ती काही दिखाव्याची नसते.

नानांच्या पायाचं काय झालं होतं? रक्त अडलं, असं सगळे म्हणतात. बहुतेक वेळा अडते ती नस. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला, थोडं खाली, हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. पंजा वर उचलणाऱ्या स्नायूंची नस त्या हाडाला वळसा घालून जाते आणि तिथे तिच्यावर कातडीशिवाय फारसं पांघरूण नाही. मांडीत ती दाबली गेली की आधी बधिरपणा, सोडल्यावर मुंग्या. म्हणून उठण्याआधी पाय लांब करून दोन मिनिटं थांबायचं. रोज जबरदस्तीने तास-तास तिला दाबून बसणं म्हणजे तप नव्हे, इजा.

पतंजलीने कुठल्याही आसनाचं नाव घेतलेलं नाही. स्थिर आणि सुखकर असावं, एवढंच. पुढच्याच सूत्रात प्रयत्नशैथिल्य हा शब्द येतो, धडपड सैल पडणं. नावं योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात आहेत, आणि त्यात पद्मासन, वीरासन यांच्या जोडीला सोपाश्रय आहे, म्हणजे आधार घेऊन बसणं! हंपीच्या नरसिंहाच्या गुडघ्यांभोवती जो पट्टा दिसतो तो योगपट्ट. साक्षात नरसिंहाला आधार चालतो तर आमच्या काकूंना पाठीशी भिंत का चालू नये? खुर्चीवर बसून पाय जमिनीला टेकवले तरी काही बिघडत नाही. पद्मासनाचे फोटो काढून एकमेकांना पाठवणाऱ्यांबद्दल मी इथे काही बोलत नाही.

उसळीचं थोडक्यात. हठप्रदीपिका पोटाचा चौथा हिस्सा रिकामा ठेवायला सांगते. भरलेलं पोट श्वासपटलाला, म्हणजे छाती-पोटामधल्या पडद्याला, नीट खाली उतरू देत नाही, मग श्वास छातीतच वरवर चालतो. शिवाय जेवणानंतर सुस्ती येते ती वेगळीच. जेवणात आणि बैठकीत तीन तास असावेत. त्याच ग्रंथात शुद्धिक्रियांबद्दल एक फार समंजस वाक्य आहे: मेद आणि कफ जास्त असलेल्याने आधी षट्कर्मं करावीत, इतरांनी करू नयेत. आजकाल सरसकट सगळ्यांना गरम मिठाचं पाणी पाजून उलट्या करायला लावतात, त्यांनी हे वाचावं.

श्वास मात्र सावकाश बघण्यासारखा विषय आहे. शरीरातल्या आपोआप चालणाऱ्या कामांपैकी हे एकच असं ठळक काम, जे हवं तेव्हा आपण हातात घेऊ शकतो. हृदयाला "हळू हो" सांगता येत नाही, श्वासाला येतं, आणि श्वासामागोमाग हृदय येतं. मनगटावर बोट ठेवून बघा: श्वास घेताना नाडी किंचित जलद होते, सोडताना मंदावते. उच्छ्वासाच्या वेळी व्हेगस नावाची नस हृदयाला जास्त जोराने लगाम घालते. म्हणून सोडणं लांबवलं की लगाम जास्त वेळ राहतो.

मोठ्या माणसाचा श्वास विश्रांतीत मिनिटाला बारा ते वीस वेळा चालतो. तो सहाच्या आसपास आणला तर एक मौज होते. रक्तदाबाची स्वतःची एक सावकाश लाट असते, साधारण दहा सेकंदांची. श्वासही दहा सेकंदांचा झाला की दोन्हींचा ताल जुळतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी पायाने रेटा दिल्यावर तो कमी श्रमात उंच जातो, तसे नाडीचे चढउतार मोठे आणि सुरेख होतात. इटलीतल्या लुचियानो बर्नार्दी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली 23 निरोगी माणसांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांना लॅटिनमधली माळेवरची ‘आवे मारिया’ प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे’ हा बौद्ध मंत्र म्हणायला लावला होता. दोन्हींनी श्वास मिनिटाला सहाच्या जवळ आला. धर्म वेगळे, भाषा वेगळ्या, मोजमाप एकच. हे ऐकल्यावर काकूंनी घड्याळ लावून रामरक्षा म्हटली. एका श्वासात एक श्लोक, मिनिटाला सहा-सात. "म्हणजे माझा प्राणायाम चाळीस वर्षं चालूच होता की," असं म्हणून त्या आमच्याकडे विजयी मुद्रेने बघत राहिल्या.

मग मनाचं काय? "चले वाते चलं चित्तं" असं हठप्रदीपिकेत आहे: वारा हलला की चित्त हलतं. 2017 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी उंदरांत याचा एक धागा दाखवला. मेंदूच्या तळाशी प्रीबॉट्झिंगर नावाचा पेशींचा पुंजका आहे, श्वासाचा ठेका तोच धरतो. त्यातल्या पावणेदोनशेच्या आसपास पेशींचे तंतू लोकस सेरुलियस या जागेकडे जातात, आणि मेंदूला सावध करण्याचं काम त्या जागेचं. या पेशी काढून टाकल्यावर उंदीर श्वास घेत राहिले, पण नव्या पिंजऱ्यात सोडल्यावरही हुंगत धावण्याऐवजी शांत बसून अंग चाटत राहिले. म्हणजे श्वासाचा वेग मेंदूच्या पहारेकऱ्याला परस्पर कळतो, निदान उंदरात तरी. माणसात हाच तंतू एवढंच काम करतो असं यावरून म्हणता येत नाही.

उलट दिशाही खरी आहे. जोरजोरात भस्त्रिका, म्हणजे भात्यासारखा श्वास, केली की कार्बन डायऑक्साइड रक्तातून जास्त बाहेर जातो, मेंदूतल्या रक्तवाहिन्या आकसतात, डोकं हलकं होतं, बोटांना मुंग्या येतात. याला काही लोक अनुभूती समजतात. ती रसायनशास्त्राची करामत आहे. रक्तदाब, हृदयविकार किंवा काचबिंदू असणाऱ्यांनी श्वास कोंडून धरण्याच्या भानगडीत डॉक्टरांना विचारल्याशिवाय पडू नये. प्राणाला सिंह, हत्ती, वाघाप्रमाणे हळूहळू वश करावं, नाहीतर तो साधकालाच मारतो, असं परंपराच बजावते.

प्राणायामाच्या सूत्रांत शेवटी येतं: आता मनाला धारणेची योग्यता आली. ध्यान झालं असं नाही म्हटलेलं. नोकरी लागली नाही, नुसती पात्रता आली.

एक निरोप तरीही राहतो, अर्धवट कामांचा. गॅसचा नंबर लावायचा राहिला, भाच्याला फोन करायचा राहिला. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत दिसलं की अपुरं काम डोक्यात घोळत राहतं. पण ते कधी, कसं करणार हे नक्की ठरवलं, तर काम न करताही घोळणं कमी होतं. आम्ही आता बसण्याआधी एका कागदावर कामं आणि त्यांच्या वेळा लिहितो आणि कागद कुंडीखाली ठेवतो. यम-नियमांचा एक व्यावहारिक फायदाही मला इथे दिसतो. सकाळी कुणाशी खोटं बोललेल्या माणसाला ते सांभाळायचं एक जादा काम असतं.

परवा काकूंनी विचारलं, "अरविंदबाबूंना तीन दिवसांत जमलं म्हणतात ना, आपल्याच गावात?" खरं आहे. सुरत काँग्रेसनंतर, 1908च्या आरंभी, विष्णु भास्कर लेले नावाच्या मराठी योग्यासमोर ते सरदार मजुमदारांच्या वाड्यात वरच्या मजल्यावर तीन दिवस बसले आणि मन निःशब्द झालं, असं त्यांनी स्वतः सांगितलंय. मी म्हटलं, "काकू, पण बडोद्यात नोकरीला असतानाच त्यांनी प्राणायाम सुरू केला होता. त्याला तोवर तीन-चार वर्षं झाली होती, आणि तो रोज तासन्‌तास."

काकूंनी बसल्याजागी हिशेब केला. मग नानांना म्हणाल्या, "खाली जाऊन जाड चादर आणा हो, ही फार पातळ आहे."