अनोळखी कास्ट बुलेट : ओळख आणि हँडलोडिंग

कास्ट बुलेट म्हणजे शिशाचा मिश्रधातू वितळवून साच्यात ओतून केलेली गोळी. मराठीत आपण गोळी हा शब्द सरसकट सगळ्यालाच वापरतो, पण इथे गोळी म्हणजे फक्त नळीतून बाहेर जाणारा शिशाचा तुकडा, मागचं पितळी नळकांडं ती पुंगळी (पंचनाम्यात 'रिकामी पुंगळी मिळून आली' असं असतं, तीच), आणि गोळी, दारू, प्रायमर (बुडातली, ठिणगी देणारी टोपी), पुंगळी हे सगळं मिळून काडतूस. उडालेली पुंगळी घरीच परत भरायची याला हँडलोडिंग किंवा रीलोडिंग म्हणतात आणि हा छंद मुख्यतः अमेरिकेतला. तिथे एखाद्या म्हाताऱ्या नेमबाजाचं सामान विकायला निघालं की कॉफीच्या डब्यात बिनलेबलाच्या दोन-चारशे गोळ्या हमखास निघतात, स्वस्तात मिळतात, आणि मग ही नेमकी कुठली गोळी हा प्रश्न पडतो.

व्यास आणि नावांचा घोळ

पहिलं काम मायक्रोमीटरने व्यास मोजणं. काडतुसाच्या नावावर जायचं नाही, कारण .३८ स्पेशलची ओतीव गोळी साधारण ०.३५८ इंच असते आणि .४४ ची ०.४२९ ते ०.४३०. हा फरक का, तर जुन्या काडतुसात गोळीची जाडी पुंगळीच्या बाहेरच्या जाडीइतकीच असायची आणि फक्त टाचेचा बारीक भाग आत बसायचा, वंगण बाहेर उघडं, त्याला खिशातली सगळी धूळ चिकटायची. १८७० च्या दशकापासून, बहुधा स्मिथ अँड वेसनच्या रशियन सैन्याच्या ऑर्डरीपासून, वंगणाच्या खाचा पुंगळीच्या आत घ्यायची पद्धत रुळली, गोळी बारीक झाली आणि नाव मात्र जुनंच राहिलं.

मोजताना सापडणारे नेहमीचे आकडे असे की ०.३५६ असेल तर बहुतेक ९ एमएम पिस्तुलाची, ०.३६० च्या वर गेली तर जुनी .३८ एस अँड डब्ल्यू, ०.४२७ म्हणजे .४४-४०, आणि ०.४५२ ला खरी अडचण, कारण .४५ ऑटो आणि आजची .४५ कोल्ट दोन्ही तिथेच येतात (युद्धाआधीची कोल्ट ०.४५४ ची). अशा वेळी क्रिंपची खाच बघावी, म्हणजे पुंगळीचं तोंड आत वळवून जिथे गोळीला पकडतात ती. रिव्हॉल्व्हरच्या गोळीला ती खोल आणि ठळक असते, ऑटोच्या (ऑटोमॅटिक पिस्तुलाच्या) गोळीला बहुधा नसतेच, कारण ऑटोचं काडतूस पुंगळीच्या तोंडावर टेकून चेंबरमध्ये बसतं, तिथे तोंड आत वळवून चालत नाही.

वजन

वजन ग्रेनमध्ये. आपल्याकडे ग्रेन परका वाटतो पण तसा तो नाही, ब्रिटिश अमदानीत तोळा १८० ग्रेनचा ठरवला होता, म्हणजे मासा १५ ग्रेनचा, आणि .३८ ची प्रसिद्ध १५८ ग्रेनची गोळी सोनाराच्या काट्यावर साडेदहा माशांची भरेल. पण वजनावरून ओळख पटवण्यात मोठी गोची आहे. साचा तोच असला तरी धातू बदलला की वजन बदलतं. शुद्ध शिशाची घनता ११.३४, लायनोटाइपची (हा छापखान्यातला धातू) त्याहून बरीच कमी, त्यामुळे मऊ धातूत १५८ भरणारी गोळी लायनोटाइपमध्ये सहज दहा-एक ग्रेनने हलकी निघते. म्हणून दहा-बारा गोळ्यांचं वजन करून सरासरी घ्यावी, आणि आकडे दोन गटांत फुटले तर डब्यात दोन प्रकार मिसळलेत असं धरून आधी नाकाच्या आकारावरून वेगळे करावेत.

कडकपणाचा अंदाज नखाने येतो. शुद्ध शिशावर (कडकपणाच्या ब्रिनेल मापावर ५) नखाचा ओरखडा उठतो, गाड्यांच्या चाकांना लावायच्या जुन्या वजनांच्या धातूवर (१० च्या आसपास) मुश्किलीने, लायनोटाइपवर (२२) अजिबात नाही. लायनोटाइप म्हणजे शिशात साधारण १२ टक्के अँटिमनी आणि ४ टक्के कथील. आपल्याकडचे छपाईचे जुने खिळे ज्या धातूचे ओतायचे तो याच कुळातला.

आकार आणि कीथचा वाद

अमेरिकेत साच्यांच्या नंबरांची पद्धत आयडियल कंपनीतून आली. जॉन बार्लो यांनी ही कंपनी १८८४ मध्ये कनेटिकटात काढली, १९२५ मध्ये ती लायमन कंपनीकडे गेली. लायमनच्या नंबरात पहिले तीन आकडे व्यासाचे आणि पुढचे साचा कोरायच्या कटरचे, त्या कटरला 'चेरी' म्हणतात. ३५८३११ म्हणजे ०.३५८ ची गोल नाकाची, ३५८१५६ म्हणजे रे थॉम्पसन यांची गॅस चेकवाली (बुडाला तांब्याची वाटी बसणारी). अर्थात नंबर साच्यावर असतो, गोळीवर नाही, सगळा त्रास तिथेच.

सर्वांत जास्त सापडतो तो सेमी-वॅडकटर आकार आणि विक्रेता त्याला डोळे झाकून 'कीथ' म्हणतो. आयडाहोचे एल्मर कीथ (१८९९–१९८४) यांनी १९२८ च्या आसपास .४४ स्पेशलसाठी ४२९४२१ ही गोळी आखली. हा आकार मुळात त्यांचाच का, यावर मतं वेगळी आहेत. कागदात स्वच्छ भोक पाडणाऱ्या सपाट नाकाच्या गोळ्या (वॅडकटर) त्याआधीही होत्या, त्यांचं श्रेय बहुधा हिमेलराइट या नेमबाजांना दिलं जातं. तरी आज ओळखीचा असलेला रूंद सपाट नाक, मग खांदा, मग अंगाभोवतीचे पट्टे हा सगळा साज कीथचाच मानणं जास्त पटतं. त्यांच्या अटी काटेकोर होत्या: सारख्या रुंदीचे तीन पट्टे, त्यातला पुढचा पूर्ण व्यासाचा आणि पुंगळीच्या बाहेर, वंगणाची खाच खोल आणि चौकोनी तळाची, बूड सपाट. पुढे लायमनने खाच गोलसर केली, पुढचा पट्टा अरुंद केला, त्यावर कीथ यांनी जाहीर नापसंती दाखवली. त्यामुळे हातातली गोळी नखाएवढ्या भिंगाखाली धरून खाचेचा तळ बघितला तर साचा जुना की नंतरचा याचा अंदाज येतो, पण इतर कंपन्यांनीही याच्या भरपूर नकला केल्यात म्हणून खात्री धरू नये.

बूडही बोलतं. कडा तासलेली असेल आणि खाचेत कडक निळं किंवा लाल मेण असेल तर बाजारची गोळी, अंगभर बारीक चऱ्या म्हणजे ली कंपनीचा टंबल-ल्यूब साचा, बुडाला पायरी म्हणजे तिथे तांब्याची वाटी, गॅस चेक, बसायची होती आणि ती बसवलेली नाही. बूड आतून पोकळ असेल तर पोकळ बुडाची वॅडकटर, ती फक्त हलक्या चार्जसाठी (चार्ज म्हणजे पुंगळीत भरायची दारू), जोर जास्त झाला तर पातळ कड फाटून नळीतच अडकू शकते.

भरणी

इथे मुख्य मुद्दा असा की वजन जुळलं म्हणजे चार्ज जुळला असं नाही. १४८ ग्रेनची वॅडकटर पूर्ण पुंगळीच्या आत बुडते, तेवढ्याच वजनाची लांब नाकाची गोळी बरीच बाहेर राहते, आतली मोकळी जागा बदलते आणि जिथे जागा कमी तिथे दाब चढतो. म्हणून गोळी ओळखल्यावर त्याच आकाराची, त्याच खोलीवर बसवलेली गोळी छापील मॅन्युअलमध्ये शोधायची, तिच्या सगळ्यात खालच्या आकड्यापासून सुरू करायचं, दोन नोंदींच्या मधलं काहीतरी मनाने घ्यायचं नाही. .३८ ची पुंगळी काळ्या दारूच्या वेळच्या मापाची, मोठी, त्यात आजच्या दारूचा चार्ज चुकून दोनदा पडला तरी वरून कळत नाही, म्हणून गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत उजेडात डोकावतात.

व्यास रिव्हॉल्व्हरच्या फिरत्या सिलिंडरच्या पुढच्या तोंडाशी जुळला पाहिजे, सैल गोळी नळीत शिसं चोपडते. पुंगळीचं तोंड आधी किंचित फुलवतात, नाहीतर मऊ गोळीची साल निघते. लांबीचं जुनं उदाहरण कीथ यांच्याच ३५८४२९ चं, .३५७ मॅग्नमच्या पुंगळीत आपल्या खाचेत क्रिंप केली तर स्मिथ अँड वेसनच्या काही आखूड सिलिंडरांतून नाक बाहेर येतं आणि सिलिंडर फिरतच नाही. थॉम्पसन यांच्या गोळीला क्रिंपच्या दोन खाचा आहेत त्या बहुधा यासाठीच.

ओळख पटली नाही तर गोळ्या परत वितळवतात. शिसं ३२७ अंशाला वितळतं, काम मोकळ्या हवेत करतात, आणि जुन्या गोळ्यांवर पांढरी भुकटी दिसली तर ती शिशाचीच, विषारी, हात धुतल्याशिवाय चहाच्या कपाला लावत नाहीत.

भारतात

भारतात हा छंद जवळजवळ नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा बनवायला वेगळा परवाना लागतो, शस्त्र बाळगायच्या परवान्यात ते येत नाही. पुण्याजवळ खडकीच्या कारखान्याच्या जुन्या काडतुसांच्या बुडावर 'के एफ' ही अक्षरं असतात, इंग्रजांच्या तोंडी खडकीचं 'किर्की' झालं होतं त्यावरून आलेली.